वन्संची साठ दिवसांची वही

वन्सं कामावरून घरी आल्या की त्यांच्या आधी त्यांचा वास आत यायचा. गोळ्यांचा वास, कडू आणि कोरडा, घशाशी चिकटून बसणारा. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले आठ दिवस मी स्वयंपाकघरात काय सांडलंय ते शोधत होते. मग कळलं की सांडलेलं काहीच नाही, आपल्या नणंदबाईच तशा येतात. पुढे सवय झाली. सवय झाली याचीच आता किळस येते.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. वय चौपन्न. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर "वेळ मिळाला नाही" म्हणून मोकळ्या होतात. आमच्याकडेच मागच्या खोलीत राहतात. सव्वीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधखिडकीत काम. चिठ्ठी घ्यायची, बाटली काढायची, गोळ्या मोजायच्या, पुडीत भरायच्या आणि पुडीवर लिहायचं, सकाळी एक, जेवणानंतर एक. फार्मासिस्टांनी मागे उभं राहून तपासायचं, असं कागदावर. प्रत्यक्षात सहा फार्मासिस्ट आले नि गेले, वन्सं खिडकीतच. अर्धं गाव त्यांना खिडकीवाल्या ताई म्हणून ओळखतं. रस्त्यात लोक थांबवून विचारतात, "ताई, ती पिवळी गोळी अजून घ्यायची का?" आणि वन्सं भाजी निवडून घेता घेता उत्तर देतात.

त्यांचं मोजणं बघत राहावं असं. समोर एक छोटा ट्रे. त्यावर गोळ्या ओतायच्या आणि चपट्या पट्टीनं पाच-पाच बाजूला सारायच्या. टक, टक, टक. तीस गोळ्यांना आठ सेकंद. सव्वीस वर्षांत कुणाला एक गोळी कमी गेली नाही की जास्त गेली नाही, हा त्यांचा अभिमान. घरीसुद्धा सगळं पाचात. बटणं पाचात, चमचे पाचात. एकदा माझ्या रोजच्या वहीची पानं अंगठ्याखालून सोडत म्हणाल्या, "वहिनी, एक पान फाडलंयस तू." फाडलं होतं.

एक औषध मोजून झालं की दुसरं ओतायच्या आधी त्या ट्रे पुसायच्या. अंगातल्या पांढऱ्या कोटाचं टोक धरायचं आणि एक सपकारा. हे मी ह्यांच्या रक्तदाबाची चिठ्ठी घेऊन गेले होते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. मला ते मोठं झोकदार वाटलं होतं. तो कोट एकोणीस वर्षं मीच धुतला, घरच्या कपड्यांबरोबर, एकाच टबात.

आमच्या दोघींत भांडण असं कधी झालं नाही. पण एक गाठ होती, ती सांगायला हवी.

सासऱ्यांना एका औषधाचं वावडं होतं. तरुणपणी ते घेऊन मरता मरता वाचले होते, त्यामुळे त्या औषधाला घरात बंदी. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी जेवून उठले आणि तासाभरात अंगभर लाल चट्टे. ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास लागला. दवाखान्यात तीन दिवस काढले. वाचले. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पालेभाजी केली होती. वन्सं तर तिथंच, खाटेच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, भाजी नीट धुतली होतीस ना गं?"

मी तीन पाण्यांनी धुतली होती. पण कोण ऐकतंय? त्या दिवसापासून बाबांच्या ताटाला हात लावायची मला मनाई झाली. वन्सं कामावरून आल्या की स्वतःच्या हातानं त्यांचं ताट वाढायच्या. सासूबाई शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगायच्या, "हिच्या भाजीनं ह्यांचा जीव जायची वेळ आली होती." बाबा पुढे चार वर्षांनी गेले ते म्हातारपणानं, पण ती भाजी काही गेली नाही. मी रोज देवापुढे बसताना म्हणायचे, देवा, चुकले असेन तर माफ कर. सात-आठ वर्षांनी तर मला स्वतःलाच वाटायला लागलं की चौथ्या पाण्यानं धुवायला हवी होती.

तर, गेल्या वर्षी नवा नियम आला. काम करता करता शिकलेल्या औषध तंत्रज्ञांना यापुढे नुसत्या अनुभवावर परवाना मिळणार नाही. चौदा रविवारांचा सुधारित प्रशिक्षणवर्ग, परीक्षा, आणि साठ कामाच्या दिवसांची सरावाची वही. तिच्यात रोज काय मोजलं, ट्रे धुतला का, दुसऱ्यानं तपासलं का, आणि शेवटी फार्मासिस्टाची सही. ठरलेल्या तारखेला हे नसेल त्याचं नाव यादीतून कमी. नाव कमी झालं की औषधाला हात लावायचा नाही, तळघरात जाऊन खोकी उचलायची.

हे वाचून दाखवलं त्यांच्या सध्याच्या फार्मासिस्टानं. वय एकतीस, गळ्यात टाय आणि टायवर कायम कशाचा ना कशाचा डाग. घरी त्याचं नावच टायवाला पडलं होतं.

"हे पोरगं मला गोळ्या मोजायला शिकवणार?" वन्सं चप्पल काढायच्या आधीच सुरू झाल्या.

"ताई, नियम आहे," हे म्हणाले.

"नियम आहे ना? मग त्या नियमाला म्हणावं, ये, बस खिडकीत. सोमवारी तर फार गर्दी असते."

पण रात्री जेवल्या नाहीत. ताटातले दाणे पाच-पाच करून कडेला लावत बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे तळघर होतं. ते मीही पाहिलंय. खाली पाण्याचा पाइप गळतो आणि खोक्यांना बुरशी धरते. तिथला माणूस जेवायलासुद्धा वर येत नाही, कारण कुणी त्याला बोलावत नाही.

वर्ग भरायचा एका व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर. खाली कुणी लोखंड आपटलं की वर टेबलावरच्या बाटल्या उड्या मारायच्या. जिन्यात घामाचा आणि कसल्याशा तेलाचा वास. तिसऱ्या रविवारी त्या जिन्यावर वन्संचा पाय मुरगळला, आणि तेव्हापासून त्यांना धरून नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे आलं. घरी परत येऊन पुन्हा जायचं म्हणजे दोन हेलपाटे, म्हणून मी मागच्या बाकावर बसून राहायचे. माझी रविवारची प्रार्थना त्या बाकावर व्हायची. डोळे मिटले की खालून धाडकन आवाज यायचा.

त्या खोलीबद्दल लिहायचं तर हात धुवून लिहावंसं वाटतं. भिंतीवर मोठा रंगीत तक्ता होता, हात धुण्याच्या सात पायऱ्या. त्याच्या बरोबर खाली बेसिन. बेसिनला पाणी नाही. साबणाची एक वाळलेली चकती, तिला केस चिकटलेला. अकरा रविवार तो केस तिथंच होता, मी दर वेळी बघायचे. चाळीस जणांत मोजणीचा ट्रे एकच, तोही फुटका, दोन कडांना चिकटपट्टी लावलेला. हजेरीपटावर लोक पुढच्या चार रविवारांच्या सह्या आजच करून जायचे. एक गृहस्थ स्वतःची करून बायकोचीही करायचे. बायको कधी दिसली नाही.

शिकवायला होते त्यांना सगळे गाइडमास्तर म्हणायचे, कारण ते गाइडाशिवाय तोंड उघडत नसत. काही ना काही खात खात वाचायचे आणि पान उलटायच्या आधी बोटं पडद्याला पुसायचे. त्या पडद्याचा मूळ रंग कोणता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"प्रश्न सतरा. उत्तर क. हे येणार आहे, लिहा."

वन्संनी हात वर केला. "क का?"

"काय म्हणालात?"

"क का? ब का नाही?"

गाइडमास्तरांनी घास गिळला. "ताई, 'का' हा प्रश्न परीक्षेत नाही."

सगळे हसले. वन्संही हसल्या, पण बसमध्ये मला म्हणाल्या, "उंटावरून शेळ्या हाकतोय मेला. गोळीला कधी हात लावलाय का त्यानं?" मला वाटलं, बरं झालं लावला नाही, त्या बोटांनी.

आता वहीचं. साठ दिवसांची वही म्हणजे साठ दिवस रोज भरायची. पण खिडकीवर काम करणाऱ्या पाचजणींपैकी एकीनंही पहिल्या दिवशी ती उघडली नाही. वन्संनी टायवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "एवढं कुठं करत बसता ताई? घरी बसून भरून आणा. मी सगळ्या सह्या एकदम करतो." उंदराला मांजर साक्ष. मग प्रत्येकीनं आपापली युक्ती काढली. कुणी दर दहा ओळींनी पेन बदललं, कुणी पानांना मुद्दाम डाग पाडले. एक होती, तिला वन्सं ठमी म्हणायच्या. तिनं तर वही दोन दिवस उन्हात वाळत घातली, जुनी दिसावी म्हणून. हे वन्सं घरी येऊन हसत हसत सांगायच्या. मीही हसायचे.

अकराव्या रविवारच्या आदल्या दिवसाची गोष्ट, वन्संना सुट्टी होती. दुपारी मी भांडी आवरून माझी वही घेऊन बसले होते, तर वन्सं समोर येऊन बसल्या.

"वहिनी, तू रोज लिहितेस ना गं?"

"लिहिते."

"मग माझीपण लिही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुझं रोज लिहिल्यासारखं दिसतं."

"वन्सं, पण हे खोटं..."

"अगं, खोटं काय त्यात? गोळ्या मी खरोखर मोजल्याच ना? मी काय घरी झोपले होते? ट्रेसुद्धा पुसते मी. धुतला काय नि पुसला काय. तू लिही, मी औषधांची नावं सांगते."

मी लिहिलं. होऊन गेलेले दिवस त्रेचाळीस होते. तीन पेनं घेतली. कुठं अक्षर जरा घाईचं काढलं, कुठं सावकाश, एके ठिकाणी खाडाखोडही केली, खरं वाटावं म्हणून. त्रेचाळीस वेळा लिहिलं, ट्रे धुतला, ट्रे धुतला, ट्रे धुतला. हात दुखायला लागला तेव्हा वन्संनी चहा करून दिला. उरलेले सतरा दिवस जसजसे येतील तसे भरू, असं ठरलं.

माझी स्वतःची वही मी आईच्या सांगण्यावरून लिहिते. आई म्हणायची, दिवसभरात जे केलंस ते देवाला वाचून दाखवता येईल असं लिही. त्या दिवशी मी माझ्या वहीत एकच ओळ लिहिली, "आज वन्संना कामात मदत केली." लिहिलं आणि देवापुढे बसले. काही वाटलं नाही.

अकराव्या रविवारी गाइडमास्तर आलेच नाहीत. त्यांच्या जागी एक बाई आल्या. हडकुळ्या, आखूड केसांच्या, दुसऱ्या कुठल्याशा रुग्णालयातल्या. आल्या आल्या त्यांनी बेसिनकडे बघितलं, मग तक्त्याकडे, आणि काही न बोलता पिशवीतून पाण्याची बाटली आणि साबण काढून ठेवला. मला तेव्हाच त्या आवडल्या.

त्यांनी सगळ्यांना कामावरचे स्वतःचे ट्रे आणि कोट आणायचा निरोप आधीच धाडला होता. प्रत्येकासमोर दोन बाटल्या ठेवल्या. आत खडूच्या गोळ्या. "पहिल्या बाटलीतल्या तीस मोजा, पुडीत भरा. मग दुसऱ्या बाटलीतल्या तीस. रोज करता तसंच करा. मला दाखवायला म्हणून वेगळं काही करू नका."

टक, टक, टक. वन्सं सगळ्यांच्या आधी मोकळ्या झाल्या. मधे कोटाच्या टोकाचा तो सपकारा, मग दुसरी बाटली. बाई जवळ उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हात छान आहे हो तुमचा." वन्सं फुलल्या. मागे वळून माझ्याकडे बघून भुवई उडवली.

"आता चहा घ्या," बाई म्हणाल्या.

वन्सं माझ्या मनगटाचा आधार घेऊन चहाच्या टेबलापर्यंत आल्या. एक बिस्किट खाल्लं, चष्मा वर केला, खालच्या ओठाला लागलेला कण बोटानं टिपला. सगळे परत जागेवर बसल्यावर बाईंनी खिडक्यांवर काळं कापड लावायला सांगितलं आणि पिशवीतून एक छोटा निळ्या उजेडाचा दिवा काढला.

"पहिल्या बाटलीतल्या गोळ्यांना मी एक भुकटी लावली होती. ती एरवी दिसत नाही. दुसऱ्या बाटलीत काहीच नव्हतं."

वन्संच्या ट्रेवर दिवा धरला आणि ट्रे हिरवागार पेटला. कोपरे, कडा, मधली खाच, सगळं. मग दुसरी पुडी उघडली. आतली गोळी नि गोळी हिरवी. कोटाचं टोक तर असं चमकत होतं की जवळ बसलेला माणूस मागे सरकला. बोटं हिरवी. चष्म्याची दांडी हिरवी. कपाची कड हिरवी. आणि ओठ. वन्संचा खालचा ओठ मधोमध हिरवा, जणू काही त्यांनी शेवाळ चाटलंय.

"ताई, तुम्हाला आता दिवे गेले तरी शोधायला नको!" कुणीतरी ओरडलं. खोली हसली.

बाईंनी दिवा फिरवत मागे आणला तेव्हा मी माझ्या हाताकडे बघितलं. मनगटावर चार बोटं उमटली होती.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वन्संची दुसरी पुडी उचलून सगळ्यांना दाखवली. "मोजणी बरोबर आहे. तीसच आहेत. फक्त पहिल्या बाटलीतलं औषध या तिसांबरोबर घरी चाललंय."

"एवढ्याशा भुकटीनं काय होतंय?" वन्संचा आवाज जरा चढला होता.

"बहुतेकांना काही होत नाही. पण पहिल्या औषधाचं ज्याला वावडं असेल, त्याला एवढंसंही पुरतं. चट्टे येतात, ओठ सुजतात, डोळे मिटतात. घरचे म्हणतात, खाण्यात काहीतरी आलं असेल."

मला पुढचं ऐकू आलं नाही. खाली कुणीतरी लोखंड आपटलं आणि टेबलावरच्या बाटल्या हलल्या. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बाहेरून आणायच्या नाहीत, असा घरात दंडक होता. त्या वन्संच मोजून आणायच्या. स्वतःच्या खिडकीतून, स्वतःच्या ट्रेवरून. बाबा दुपारी जेवले की त्यातली एक घ्यायचे. आणि ते औषध, ज्याला आमच्या घरात बंदी होती, ते खिडकीत दिवसाला शंभरदा मोजलं जायचं.

वन्सं मला पाठमोऱ्या दिसत होत्या. त्यांनी दोन्ही हात टेबलावरून उचलून हवेत धरले होते, कुठं ठेवावेत ते कळत नसल्यासारखे.

 बसमध्ये वन्संनी कोट काढून उलटा केला होता आणि अंगापासून लांब धरला होता. घरी आल्यावर मी सवयीनं हात पुढे केला. "नको," म्हणाल्या, आणि तो वेगळ्या बादलीत टाकला.

पुढचे आठ दिवस मी घर धुतलं. टब उकळत्या पाण्यानं धुतला, चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. ह्यांना कळेना. "घरात काय मेलंय का?" म्हणाले. काय सांगणार? एकोणीस वर्षं ती भुकटी माझ्या टबातून आमच्या कपड्यांत, आमच्या अंथरुणांत जात होती. बाबांना ताट वाढणारी ती बोटं आठवली की तोंडात कडू पाणी यायचं. माझ्या स्वच्छ भाजीवर ठपका, आणि वाढायला ते हात! वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते असं. देवापुढे बसले की देव दिसायचा नाही, ओठ दिसायचा. बारा वर्षं मी कसली माफी मागत होते?

वन्संना कळलं होतं, हे मला माहीत होतं. मी वाट बघत होते त्यांनी बोलायची. त्या बोलल्या नाहीत, आणि मला त्या ट्रेपेक्षा, बेसिनमधल्या केसापेक्षा त्या गप्प बसण्याची जास्त शिसारी आली.

कामावर मात्र त्यांचं काहीतरी बदललं होतं. ते मला टायवाल्याकडूनच कळलं. मी चिठ्ठी घेऊन गेले होते, तर तो खिडकीमागे उभा राहून वन्संवर करवादत होता.

"ताई, रांग दाराबाहेर गेलीय. दर चिठ्ठीला ट्रे धुताय? ही काय नवी थेरं?"

"वहीत लिहून घेतलंत ना, ट्रे धुतला म्हणून? मग धुते."

"लिहिलंय ना? मग झालं की!"

मी हे वाक्य घरी येऊन जसंच्या तसं वहीत उतरवलं. वन्संनी स्पिरिटनं ट्रे पुसला, पाण्यानं धुतला, कोरडा होईपर्यंत हातात धरून उभ्या राहिल्या. रांगेतले लोक चुळबुळत होते. ठमी शेजारच्या खिडकीत पाच चिठ्ठ्या पुढे गेली होती.

वही सादर करायच्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते. वन्सं वही घेऊन आल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. परीक्षा त्या आधीच उत्तम पास झाल्या होत्या. वहीवर टायवाल्याच्या साठ सह्या एका दमात झाल्या होत्या, शेवटच्या वीस तर नुसत्या रेघा. पहिले त्रेचाळीस दिवस माझ्या अक्षरात. पुढचे सतरा त्यांच्या, कोंबडीच्या पायांत.

"वहिनी," त्या म्हणाल्या. "बाबांना तुझ्या भाजीनं नव्हतं झालं."

मी देठ मोडत राहिले. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्या रविवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते."

त्या खाली बसल्या, पाय लांब करून. तो मुरगळलेला पाय अजून सुजलेलाच होता. "मी त्या बाईंना विचारलं, नक्की तेच असेल का म्हणून. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी कुणीच सांगू शकत नाही. मला वाटलं, बरं झालं, सांगू शकत नाही तर गप्प बसू. सतरा दिवस तेच वाटतंय." मग म्हणाल्या, "आई तुला बोलायची तेव्हा मी तिथंच बसलेली असायची गं."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मन हलकं होईल. झालं नाही. उलट बाबांची त्या चार वर्षांतली सगळी ताटं एकदम डोळ्यांपुढे आली. मी त्यांना काही बोलले नाही, कारण जे तोंडात आलं होतं ते देवाला वाचून दाखवता आलं नसतं.

"आणि ही वही," त्या म्हणाल्या. "दिली तर खिडकी राहते. टायवाल्याची सही आहे, कुणी विचारणार नाही. तूच सांग."

"मी काय सांगू? ट्रे तुमचा, खिडकी तुमची."

"त्रेचाळीस वेळा धुतला म्हणून लिहिलंय. एकदासुद्धा धुतलेला नाही." त्यांनी पेन उचललं.

"थांबा," मी म्हटलं. "अक्षर माझं आहे. खोडायचं तर मी खोडते."

मी हात पुसले, ह्यांच्या टेबलावरची पट्टी आणली आणि ओळीनं त्रेचाळीस रेघा मारल्या. तेही लिहिण्याइतकंच वेळखाऊ निघालं. खाली वन्संनी स्वतः लिहिलं, "हे दिवस ट्रे धुतला नव्हता. धुतलेले दिवस सतरा."

दुपारी वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या कचेरीत कारकुनानं वही उघडली, बघितली, आणि वन्संकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "बाई, हे कशाला लिहिलंत? न लिहिता दिली असती तरी चाललं असतं." मग त्यानं शिक्का मारला, अपूर्ण. परीक्षा ग्राह्य, वही पुढच्या तुकडीबरोबर, पुन्हा पहिल्या दिवसापासून. तोवर यादीत नाव नाही.

तर आता वन्सं तळघरात आहेत. सकाळी खोकी उचलतात, त्या पायानं. दुपारी चार ते पाच टायवाला त्यांना वर येऊ देतो, वही भरण्यापुरतं, आणि नियमाप्रमाणे मागे उभं राहावं लागतं म्हणून रोज कुरकुरतो. बाकीच्या चौघींची प्रमाणपत्रं चौकटीत घालून औषधखिडकीच्या वर टांगली आहेत. वन्संच्या जागेवर ठमी बसते.

काल मी चुकून सकाळी गेले. ठमीनं कुणाच्या तरी लाल गोळ्या मोजल्या, कोटाचं टोक धरलं, एक सपकारा मारला आणि ह्यांच्या गोळ्या त्यावर ओतल्या. मी म्हटलं, "आधी ट्रे धुवा."

"धुतलाय."

"माझ्यासमोर पुसलात."

"बाई, आमच्या वहीत लिहिलंय की आम्ही धुतो म्हणून. प्रमाणपत्र वर टांगलंय, वाचता येतं ना?"

रांगेतला एकजण मागून म्हणाला, "अहो, घरी भांडी घासून पोट भरलं नाही का तुमचं? सरका पुढे." बाकीचे हसले. मी पुडी तिथंच ठेवली आणि बाकावर जाऊन बसले, चार वाजेपर्यंत.  समोरून एकामागून एक पुड्या घेऊन माणसं जात होती. मुलं होती, म्हातारे होते, एक पोटुशी बाई होती. सगळ्यांच्या पुड्यांत मोजणी बरोबर.

चारला वन्सं वर आल्या. गुडघ्यावर बुरशीचा डाग, केसात खोक्याचा चुरा. हात धुतले, सावकाश. ट्रे धुतला, उजेडाकडे तिरका धरून बघितला, पुन्हा धुतला. मग टक, टक, टक, आठ सेकंद. पुडी माझ्या हातात दिली आणि वही ओढून लिहिलं. दिवस एकोणिसावा. ते अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागणार नाही. एक्केचाळीस दिवस राहिलेत. पाय तितके दिवस टिकतो की नाही, देव जाणे.

घरी त्या आपला कोट आपल्या बादलीत आपणच धुतात. मी पालेभाजी केली की सगळ्यांच्या आधी स्वतःला वाढून घेतात. 

माझ्या वहीत ते पान अजून आहे, "आज वन्संना कामात मदत केली."  फाडून टाकावंसं वाटतं. फाडत नाही. वन्सं मोजतील.